सरदार बाबा महाराज पंडित यांचें मृत्युपत्र

१

ताई महाराज प्रकरण हें नांव महाराष्ट्रीय वाचकांस अपरिचित नाहीं. लोकमान्य टिळकांच्या चरित्रग्रंथांत त्यास स्वतंत्र स्थान दिलेलें असतें. टिळकांस सोसावा लागलेला त्रास, त्यांच्यावर आलेला खोट्या साक्षीचा आरोप आणि अखेर विलायतेंत प्रिव्ही कौन्सिलपुढें त्यांस मिळालेला न्याय हा तेथील विषय. चरित्रकाराच्या दृष्टीनें तें यथायोग्यच आहे. परंतु ज्या एका कागदापासून हें सारें उद्भवलें, त्या बाबा महाराजांच्या मृत्युपत्राकडे कुटुंबाच्या तरतुदीचा लेख म्हणून पाहिल्यास निराळेच कांहीं हातीं लागतें. एका मरणोन्मुख गृहस्थानें आपल्या मागें घराण्याची, इस्टेटीची व पत्नीची कोणती व्यवस्था लाविली, ती आपल्या शास्त्राशीं कितपत जुळणारी होती, आणि ती सिद्धीस जाण्यास अठरा वर्षें कां लागलीं, एवढाच विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

२

प्रथम मृत्युपत्र या वस्तूविषयीं दोन शब्द. आपल्या धर्मशास्त्रांत या अर्थाचा शब्द नाहीं. दान आहे, विभाग आहे, दत्तक आहे, ऋणादान आहे. परंतु मरणानंतर अमलांत येणारा आणि मरेपर्यंत केव्हांही फिरवितां येणारा असा लेख स्मृतिकारांनीं सांगितलेला नाहीं. त्याच्या अगदीं जवळ येणारें असें एक कात्यायनाचें वचन आहे. धर्मकार्यासाठीं पित्यानें धडधाकट असतांना वा आजारांत जें देण्याचें बोलून दाखविलें असेल, तें देण्यापूर्वींच तो मरण पावल्यास पुत्रानें तें दिलेंच पाहिजे, असा त्याचा आशय. हें बीज खरें. परंतु त्याचा वृक्ष आपल्याकडे झाला नाहीं. त्याचें कारणही उघड आहे. मिताक्षरेच्या मतानें वडिलार्जित संपत्तींत पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. तेव्हां बापानें मरतांना ती कोणास द्यावी हा प्रश्नच उरत नाहीं. ज्यास पुत्र नाहीं अशा विभक्त पुरुषाचें धन कोणाकडे जावें याचा क्रम याज्ञवल्क्यानें पत्नीपासून आरंभ करून घालून दिलेला आहे. वारस कोण हें रक्तसंबंधानें व शास्त्रानें ठरावयाचें, मरणाऱ्याच्या इच्छेनें नव्हे, असा हा एकंदर विचार होता.

इंग्रजी अमलाबरोबर इच्छेचें हें नवें साधन आपल्याकडे आलें. श्रीमंत दुसरे बाजीराव यांनीं ब्रह्मावर्तास असतां १८३९ सालीं मृत्युपत्र केलें व दत्तक पुत्र धोंडोपंत नाना यांस आपल्या मागें मुख्य वारस नेमिलें. २८ जानेवारी १८५१ रोजीं बाजीराव निवर्तले, तेव्हां त्यांची खाजगी संपत्ति नानासाहेबांकडे गेली. परंतु सालीना आठ लाखांचें वेतन पुढें चालविण्यास कंपनी सरकारनें नकार दिला. मृत्युपत्र लिहिणाऱ्याचा हात जेथपर्यंत पोंचतो तेथपर्यंतच त्याची सत्ता चालते, हा धडा त्या वेळींच मिळालेला होता. पुढें १८७० चा हिंदु विल्स ॲक्ट झाला. परंतु तो बंगाल प्रांतास आणि मद्रास व मुंबई या शहरांस लागू होता; पुण्यासारख्या ठिकाणच्या हिंदूच्या तेथील मिळकतीच्या मृत्युपत्रास लेखाचें व साक्षीचें सर्व बंधन १ जानेवारी १९२७ पासून लागूं झालें. १८८१ च्या प्रोबेट ॲक्टानें मात्र मृत्युपत्रांतील व्यवस्थापकांस न्यायालयाची सनद मिळविण्याचा मार्ग मोकळा करून दिला होता. बाबा महाराजांचें मृत्युपत्र या संधिकालांतील आहे.

३

या साधनाचा उगम ज्या देशांत झाला तेथील खेड्यांतला जमीनदार आपल्या कुटुंबाची तरतूद कशी करीत असे हें पाहिल्यास पुढील विवेचन सोपें होईल. जमीन मृत्युपत्रानें देण्याचा सर्वसाधारण अधिकार इंग्लंडांत १५४० च्या कायद्यानें आला. तेथें मृत्युपत्र नसल्यास जमीन ज्येष्ठ पुत्राकडे जाई, व हा नियम १९२५ च्या कायद्यानें रद्द होईपर्यंत चालूं होता. म्हणून तेथील सुखवस्तु गृहस्थास मुख्य काळजी दोन गोष्टींची असे. एक, वाडा व जमीन अभंग राहून वडील मुलाकडे जावी. दुसरी, विधवेस आमरण उत्पन्न, मुलींस लग्नाच्या वेळीं ठराविक रक्कम आणि धाकट्या मुलांस धंद्यापुरतें भांडवल त्याच जमिनीच्या उत्पन्नांतून मिळावें. या देण्याची जबाबदारी विश्वासू मित्रांवर किंवा आप्तांवर सोंपविलेली असे. विधवेचें स्थान बहुधा पोटगी घेणारीचें. परंतु त्या पोटगीचा आंकडा कागदावर स्पष्ट असे, व तो मागण्याचा तिला अधिकार असे.

येथें एक मोठा भेद लक्षांत घेतला पाहिजे. इंग्रज गृहस्थाचें मृत्युपत्र असलेल्या माणसांमध्यें संपत्ति वांटतें. नसलेला पुत्र तें निर्माण करूं शकत नाहीं. दत्तकाची कायदेशीर सोयच इंग्लंडांत १९२६ पर्यंत नव्हती. पुत्रहीन इंग्रज पुतण्यास इस्टेट देऊन मोकळा होई. उलटपक्षीं पुत्रहीन हिंदु गृहस्थाची पहिली काळजी इस्टेटीची नसून पिंडाची व नांवाची. त्यास द्यावयाचें काय हा प्रश्न नसून कोणाच्या हातीं द्यावयाचें तो अजून जन्मावयाचा किंवा निवडावयाचा आहे, हा प्रश्न असतो. बाबा महाराजांनीं विलायती साधन घेतलें आणि त्यास हें अस्सल देशी काम सांगितलें. सर्व प्रकरणाची किल्ली आमच्या मतें येथें आहे.

४

श्री. वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज हे दक्षिणेंतील पहिल्या वर्गाचे सरदार. वास्तव्य पुण्यास; मिळकतीचा मोठा भाग कोल्हापूर संस्थानांत. १८९७ च्या ऑगस्टांत अचानक आलेल्या दुखण्यानें ते अत्यवस्थ झाले. त्यांचे स्नेही टिळक यांच्यावर त्या वेळीं राजद्रोहाचा खटला उभा होता. जुलैअखेर त्यांस अटक झाली होती व जामिनावर सुटून त्यांस थोडेच दिवस लोटले होते. तशांत मित्राच्या बोलावण्यावरून ते त्याच्या अंथरुणापाशीं गेले. ७ ऑगस्ट १८९७ रोजीं मृत्युपत्र लिहिलें गेलें आणि त्याच दिवशीं बाबा महाराज वारले. मृत्युपत्रांत टिळक, उमरावतीचे दादासाहेब खापर्डे, कुंभोजकर, नागपूरकर वगैरे मंडळी विश्वस्त म्हणून नेमलेली होती.

बाबा महाराजांच्या पत्नी सकवारबाई ऊर्फ ताई महाराज. त्या वयानें फार लहान व त्या वेळीं गरोदर होत्या. मृत्युपत्रांतील मुख्य कलमाचा मथितार्थ पुढीलप्रमाणें आहे. पत्नी गर्भवती आहे. तिला पुत्र न झाल्यास, किंवा होऊन तो अल्पायुषी ठरल्यास, घराण्याचें नांव चालावें म्हणून विश्वस्तांच्या संमतीनें यथाशास्त्र दत्तक पुत्र पत्नीच्या ओटींत द्यावा. तसा प्रसंग पुन्हां आल्यास पुन्हां दत्तक द्यावा, आणि तो मुलगा वयांत येईपर्यंत त्याच्या वतीनें सर्व स्थावरजंगमाची वहिवाट विश्वस्तांनीं पाहावी.

मृत्युशय्येवरून केलेल्या लेखांत इतकी दूरदृष्टि दिसावी याचें कौतुक केलेंच पाहिजे. मुलगी होईल, मुलगा होऊन जाईल, दत्तकही न टिकेल, या तिन्ही संभवांची तोड त्यांत आहे. अल्पवयी वारसाची मिळकत कारभाऱ्यांच्या हातीं उधळली जाऊं नये म्हणून विश्वस्तांची योजना आहे. मध्यें काय घडेल तें घडो, शेवटीं घराण्याचा दिवा लागलेला असावा, अशी ही बांधणी होती.

५

आतां या कलमानें कोणाचें काय झालें तें पाहूं. दत्तकासंबंधीं वसिष्ठाचें प्रसिद्ध वचन असें आहे कीं, पतीच्या अनुमतीवांचून स्त्रीनें पुत्र देऊं नये व घेऊंही नये. या एकाच वचनाचे चार प्रांतांत चार अर्थ झाले. मिथिलेच्या पंडितांनीं, पति मेला म्हणजे अनुमति संपली, सबब विधवेस दत्तकच नाहीं, असें म्हटलें. बंगालांत पतीनें हयातींत अनुमति दिलेली असली म्हणजे पुरे. द्रविड देशांत तिच्या अभावीं सपिंडांची संमति चालते. महाराष्ट्राचा अर्थ याहून उदार. नीलकंठभट्टाचा व्यवहारमयूख आणि संस्कारकौस्तुभ या ग्रंथांच्या आधारें आपल्याकडे असें ठरलें कीं, अनुमतीचें बंधन पति जिवंत असलेल्या स्त्रीपुरतेंच आहे. विधवेस ती लागत नाहीं. पतीनें मना केलें नसेल तर ती आपल्या विचारानें दत्तक घेऊं शकते. नीलकंठाचें घराणें मूळचें पैठणचें व पुढें काशीस गेलेलें. परंतु त्याचा ग्रंथ या प्रांतांत मोठा प्रमाणभूत मानला गेला, व इंग्रजी न्यायालयांनींही तो मानला.

म्हणजे बाबा महाराज मृत्युपत्र न करितां वारले असते तर काय झालें असतें? पुत्र जन्मला असता, तो इस्टेटीचा धनी झाला असता. तो गेल्यावर त्याची वारस म्हणून मिळकत आईकडे आली असती, अर्थात् विधवेच्या मर्यादित हक्कानें. आणि दत्तक घ्यावा कीं न घ्यावा, घेतल्यास कोणास घ्यावा, हें तिनेंच ठरविलें असतें. मृत्युपत्रानें दत्तक घेण्याची आज्ञा केली, व त्याच वाक्यांत विश्वस्तांच्या संमतीची अट घालून तिचा स्वतंत्र अधिकार काढून घेतला. पतीची मनाई विधवेस बांधते हा नियम असल्यामुळें ही अटही तिला बांधीत होती. देणें दिसतें, घेणें दिसत नाहीं. परंतु परिणाम पाहतां हें कलम तिच्या ओटीची योजना करतें व तिच्या इच्छेची करीत नाहीं.

यांत बाबा महाराजांचा दोष काढण्याचा आमचा हेतु नाहीं. अल्पवयी पत्नी, मोठी मिळकत, संस्थानी राजकारण आणि भोंवतीं आशाळभूत मंडळी, अशा स्थितींत कोणत्याही विचारी पतीनें हीच वाट धरली असती. परंतु संमति म्हटली कीं दोन पक्ष आले. विश्वस्त व विधवा यांचें एकमत न झाल्यास काय करावें याचें उत्तर त्या कलमांत नाहीं. आणखी असें कीं, विश्वस्तांस हिशेब ठेवतां येतो, वहिवाट करितां येते; परंतु दत्तक मात्र विधवेच्या हातूनच व्हावा लागतो. तिनें मुलगा घेतला नाहीं तर जगांतील कोणतेंही मृत्युपत्र तो देऊं शकत नाहीं. दस्तऐवजाचें सारें ओझें असें एका अल्पवयी विधवेच्या होकारावर तोललेलें होतें.

६

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. १८९८ च्या आरंभीं ताई महाराजांस पुत्र झाला, व सुमारें दोन महिन्यांतच तो गेला. टिळक त्या वेळीं राजद्रोहाची शिक्षा भोगीत होते. ते त्याच सालच्या सप्टेंबरांत सुटले. १९०१ च्या जूनमध्यें विश्वस्त मंडळी ताई महाराजांसह औरंगाबादेस गेली. पंडित घराण्याची एक शाखा तिकडे निजामाच्या मुलखांत निधोणें येथें होती. त्या शाखेंतील जगन्नाथ नांवाचा मुलगा निवडला गेला व २८ जून १९०१ रोजीं दत्तविधान झालें, असें विश्वस्तांचें म्हणणें. तेंच पुढें खरें ठरलें. परंतु पुण्यास परत येतांच ताई महाराज फिरल्या. आपणांवर सक्ति झाली, दत्तक झालाच नाहीं, असें त्या म्हणूं लागल्या. विश्वस्तांपैकींच नागपूरकर त्यांच्या बाजूस होते. २९ जुलै रोजीं, पुत्र जन्मला तेव्हांच मृत्युपत्राचें काम संपलें, सबब विश्वस्तांचें प्रोबेट रद्द करावें, असा अर्ज त्यांच्यातर्फें पुण्याच्या डिस्ट्रिक्ट कोर्टांत पडला. आणि १९ ऑगस्ट रोजीं त्यांनीं कोल्हापूरचे बाळा महाराज यांस दत्तक घेतलें.

एका ओटींत दोन दत्तक! जज्ज ॲस्टन यांनीं एप्रिल १९०२ मध्यें अर्ज मंजूर केला, इतकेंच नव्हे, तर टिळकांवर फौजदारी खटला चालविण्याची तजवीज केली. २४ ऑगस्ट १९०३ रोजीं मॅजिस्ट्रेट क्लेमेंट्स यांनीं टिळकांस खोट्या साक्षीबद्दल दीड वर्षाची सक्तमजुरी व एक हजार रुपये दंड ठोठावला. अपिलांत सेशन्स जज्ज लूकस यांनीं शिक्षा सहा महिन्यांवर आणली, आणि मार्च १९०४ मध्यें मुंबईच्या हायकोर्टानें, सर लॉरेन्स जेंकिन्स मुख्य न्यायाधीश असतां, टिळकांस पूर्ण दोषमुक्त केलें. या झगड्याच्या मध्येंच, १९०३ सालीं, ताई महाराज मरण पावल्या. जिच्या ओटीसाठीं हा वाद, ती स्त्री कोणताही अंतिम निकाल ऐकण्यास उरली नाहीं.

वाद मात्र उरला. जगन्नाथाचा दत्तक शाबीत करण्यासाठीं विश्वस्तांनीं दिवाणी दावा लाविला होता. ३१ जुलै १९०६ रोजीं पुण्याच्या फर्स्ट क्लास सबजज्जांनीं तो विश्वस्तांसारखा ठरविला. १९१० सालीं हायकोर्टांत न्या. चंदावरकर व न्या. हीटन यांनीं तो निकाल फिरविला. टिळक त्या वेळीं मंडालेच्या तुरुंगांत होते. अखेर २६ मार्च १९१५ रोजीं लंडन येथें प्रिव्ही कौन्सिलनें हायकोर्टाचा ठराव रद्द केला व जगन्नाथाचें दत्तविधान सिद्ध झाल्याचें जाहीर केलें. न्यायमूर्ति लॉर्ड शॉ यांनीं दिलेल्या या निकालांतील एक तत्त्व आजही न्यायालयांत आधारास घेतलें जातें. ज्या साक्षीदारांस खोटे ठरवावयाचें त्यांस तसा प्रश्न उलटतपासणींत स्पष्ट विचारला पाहिजे. तो न विचारतां मागाहून त्यांच्या प्रामाणिकपणावर कलंक लावणें न्याय्य नव्हे, असें तें तत्त्व आहे. मूल मांडीवर ठेविलें कीं नाहीं या औरंगाबादच्या एका सकाळच्या गोष्टीवर थेम्सच्या कांठीं अशी मीमांसा झाली.

तरीही टिळकांची सुटका झाली नाहीं. मिळकतीचा मोठा भाग संस्थानी हद्दींत, तेव्हां हुकूमनाम्यानंतरही तंटे चालूंच राहिले. जुलै १९२० मध्यें टिळक मुंबईस आले ते याच प्रकरणाच्या एका शाखेच्या कामासाठीं. तेथेंच दुखणें वाढून १ ऑगस्ट रोजीं सरदारगृहांत त्यांचें देहावसान झालें. मरणाऱ्या मित्रास दिलेला शब्द त्यांनीं तेवीस वर्षें पाळला असेंच म्हटलें पाहिजे.

७

या इतिहासावरून मृत्युपत्राचें मूल्यमापन काय करावें? उद्देशाच्या दृष्टीनें तें सफल झालें. बाबा महाराजांस नांव चालावयास पाहिजे होतें. विश्वस्तांनीं निवडलेला मुलगा न्यायतः त्यांचा पुत्र ठरला. ज्या मित्रावर त्यांनीं भिस्त ठेविली तो कसोटीस उतरला. परंतु घरांतील जिवंत माणसांच्या दृष्टीनें पाहतां तें विफल झालें, असें आम्हांस वाटतें. इंग्रजी मृत्युपत्रांत विधवा ही पोटगीची धनीण असे; मर्यादित, पण निश्चित. मयूखाच्या मतें ती दत्तकाची कर्ती. वयानें लहान, पण अधिकारी. या कलमांत ती दोहोंपैकीं एकही राहिली नाहीं. ती वंश चालविण्याचें साधन झाली. साधनानें एके दिवशीं नाहीं म्हटलें आणि सर्व यंत्र थांबलें. ताई महाराजांस कोणी फितविलें, कोणाचा स्वार्थ कोठें होता, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. फितविणाऱ्यांस वाट कोणत्या भेगेंतून मिळाली हेंही पाहिलें पाहिजे. आणि ती भेग, आमच्या मतें, कागदांतच होती.

कायदा पुढें याच भेगेच्या दिशेनें वळला, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. १९५६ च्या हिंदु दत्तक कायद्यानें विधवेस स्वतःच्या नांवानें व स्वतःसाठीं दत्तक घेण्याचा अधिकार दिला. दत्तक मूल पंधरा वर्षांच्या आंतील असावें व पुरुष-दत्तक घेणारी स्त्री त्याहून निदान एकवीस वर्षांनीं वडील असावी अशी मर्यादाही घातली. दत्तकामुळें दुसऱ्याकडे आधीं गेलेली मिळकत परत ओढली जात नाहीं, असेंही त्यांत आहे. त्याच सालच्या वारसा कायद्यानें स्त्रीचा मर्यादित हक्क पूर्ण मालकीचा झाला, आणि २००५ सालीं मुलीस पुत्रासारखाच जन्मसिद्ध वांटा मिळाला. आज एखाद्या बाबा महाराजांनीं तसें कलम लिहिलें तर विधवेचा दत्तकाचा अधिकार त्यानें बांधला जाणार नाहीं.

परंतु कायदा बदलला म्हणजे व्यवहार बदललाच असें नाहीं. आम्ही राहतों त्या डोळखांबच्या बाजूस, शहापूर तालुक्याच्या या डोंगरी पट्ट्यांत, मृत्युपत्र करणारा शेतकरी विरळा. घरधनी गेला कीं तलाठ्याकडे वारसांची वर्दी जाते, वारसनोंदवहींत नांवें चढतात, फेरफार होतो व सातबाऱ्यावर आई, मुलगे, मुली अशी रांग लागते. तेथपर्यंत पार्लमेंटच्या कायद्याप्रमाणें चाललेलें दिसतें. पुढें मात्र भावांच्या सोयीसाठीं हक्कसोडपत्राचा कागद येतो, आणि बहिणीचा व कित्येकदां आईचाही आंगठा किंवा सही त्यावर उमटते. ती संमति असते. पण ती कशी घेतली गेली हें औरंगाबादच्या सकाळीसारखेंच ज्याचें त्यास ठाऊक. बाबा महाराजांचा वाडा आणि येथील दोन एकर भाताचें खाचर यांत अंतर मोठें. परंतु ज्या व्यक्तीच्या हातून कागद पुरा व्हावयाचा, तिलाच तो अखेरीस दाखवावयाचा, ही रीत दोहींकडे एकच.

जुन्या घराण्यांच्या दप्तरांत वांटणीपत्रें, दत्तकपत्रें, मृत्युपत्रें पुष्कळ पडलेलीं आहेत. संशोधक तीं बहुधा सनावळीसाठीं व वंशावळीसाठीं वाचतात. त्यांतील स्त्रियांस काय मिळालें, काय विचारलें गेलें, आणि कोठें केवळ त्यांच्या ओटीचा उल्लेख करून लेखक पुढें गेला, या दृष्टीनेंही तीं वाचावींत, अशी आमची अभ्यासकांस सूचना आहे. बाबा महाराजांच्या मृत्युपत्रांतील एका वाक्याची किंमत दीर्घकाळ चाललेल्या खटल्यानें ठरली. इतर वाक्यांची किंमत कोर्टापर्यंत गेली नाहीं, एवढ्यावरून ती थोडी होती असें समजण्याचें कारण नाहीं.